थोरलीचा पिवळा फॉर्म

आमच्या इमर्जन्सी विभागात एक फॉर्म आहे. पिवळा, पाठपोट छापलेला, बावीस प्रश्नांचा. पेशंटबरोबर आलेल्या माणसानं तो भरायचा आणि नोंदणीच्या खिडकीवर आणून द्यायचा. त्या खिडकीच्या आत गेली एकोणीस वर्षं मी बसते. निवृत्तीला आता आठ महिने उरलेत, म्हणून सांगून टाकते, की हा फॉर्म खोटा आहे. हॉस्पिटलच्या कुठल्याही फाइलला तो लागत नाही, कुठल्याही साहेबानं तो मंजूर केलेला नाही. थोरलीनं आणि मी मिळून तो तयार केला, माझ्याच कॉम्प्युटरवर, एका रविवारी.

थोरली म्हणजे आमची ट्रायाजची सिस्टर. दारातून आत आलेल्या माणसाला सगळ्यात आधी बघते ती, आणि कुणाला लगेच आत घ्यायचं, कोण थांबलं तरी चालेल, हे ठरवते तीच. तिला सिस्टर कुणी म्हणत नाही. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे थोरलीच म्हणतात, कारण घरीही ती थोरली. पाच भावंडांत पहिली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ही चौदा वर्षांची होती. शाळा सुटली, आणि धाकट्यांच्या वेण्या, डबे, अभ्यास, ताप, सगळं हिच्या गळ्यात पडलं. बाहेरून परीक्षा देऊन हिनं शाळा पुरी केली, आणि शेवटचा भाऊ मार्गाला लागल्यावर पंचविसाव्या वर्षी स्वतःहून सात-आठ वर्षांनी लहान मुलींच्या वर्गात बसून नर्स झाली. "चार भावंडं वाढवलीत मी," असं ती म्हणते, "खोटं बोलणारा माणूस मला त्याच्या कानांवरून कळतो." कानांत ती काय बघते ते मला अजून उमगलेलं नाही. मी तिच्याशी इतक्या वर्षांत चारदा खोटं बोलले असेन, आणि चारही वेळा पकडली गेले.

पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, कारण बायकांचे बूट म्हणे धावायला केलेलेच नसतात. छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. खिशात तीन पेनं, त्यातलं एक नेहमी माझं. नवरा गाड्या दुरुस्त करतो, अबोल माणूस. ती घरी गेली की अर्धा तास दोघं एक शब्द बोलत नाहीत. तो बटाटे सोलतो, ती पाय वर करून बसते. दिवसभर लोकांच्या तोंडून गोष्टी काढून काढून तिचं तोंड दुखतं, आणि त्याला ते लग्नाआधीच कळलं होतं म्हणून तर हिनं होकार दिला.

आता कामाचं सांगते. छातीत दुखतंय म्हणून आमच्याकडे रोज दहा-बारा जण येतात. त्यातल्या निम्म्यांचं पित्त असतं, काहींचा स्नायू आखडलेला असतो, काहींना नुसती भीती बसलेली असते, आणि एखाद्याला खरोखर हृदयाचा झटका येत असतो. सगळे एकाच सुरात कण्हतात. म्हणून डॉक्टरांकडे एक तक्ता असतो. दुखणं कसं आहे, इसीजीची पट्टी कशी आहे, वय किती, आधीचे आजार कोणते, रक्ताच्या तपासणीत काय आलं. प्रत्येकाला गुण. बेरीज कमी आली की घरी, जास्त आली की वरच्या मजल्यावर भरती. तक्ता चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. त्यानं कितीतरी म्हाताऱ्यांचे जीव वाचलेत. पण थोरलीचं म्हणणं असं, की तो तक्ता सरळमार्गी माणसांसाठी केलाय. तिशीतला पोरगा आला, की वयाला शून्य, आजाराला शून्य. त्यानं सकाळी नाकातून नशेची पावडर ओढली असेल तर त्याच्या हृदयाच्या नळ्या आवळल्या जातात, रक्ताची गुठळी धरते, आणि तक्त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नसतं. शिवाय झटक्यात नेहमी देतात त्यातलं एक औषध, हृदयाचे ठोके कमी करायचं, ते पावडर घेतलेल्या माणसाला दिलं तर उलटंच व्हायची भीती. म्हणजे विचारल्यावाचून गत्यंतर नाही. आणि खरं सांगतो कोण?

तरी एक सांगते, ती उगाच घाबरवणारी बाई नाही. असे बहुतेकजण काही तास नजरेखाली राहतात, पट्टी पुन्हा काढतात, रक्त पुन्हा तपासतात आणि आपल्या पायांनी घरी जातात. ते काही तास मिळवायचे असतात, एवढंच. पहिल्या तासातलं रक्त स्वच्छ आलं म्हणून काही सिद्ध होत नाही. हृदयाला इजा झाली तरी ती रक्तात उतरायला वेळ लागतो.

पूर्वी तीही इतरांसारखंच विचारायची. "काही नशा वगैरे करता का?" एकदा एका गृहस्थाला तिनं हे विचारलं तेव्हा त्याचा सासरा खाटेला टेकून उभा होता. गृहस्थ हसला, म्हणाला, "छे हो." तक्त्यावर दोन गुण. घरी पाठवला. संध्याकाळी ॲम्ब्युलन्समधून परत आला, तेव्हा त्याचा रंग बघून ती धावली नाही. धावून उपयोग नव्हता. त्याचं वय चौतीस. थोरली दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीवर येऊन म्हणाली, "चूक त्याची नाही. मी बावळटासारखा प्रश्न विचारला. सासऱ्यासमोर कोण हो म्हणेल?"

तेव्हापासून तिनं दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे प्रश्न बदलला. हातात पेन नाही, कागद नाही, छातीवर इसीजीच्या चकत्या चिकटवता चिकटवता, मान खाली घालून, भाजी काय आणलीस असं विचारावं तशी विचारते, "किती वाजता घेतलंस?" घेतोस का, असं नाही. घेतोस का म्हटलं की नाही येतं. किती वाजता म्हटलं की माणूस बोलण्याआधी मनात वेळ आठवतो, आणि त्याचे ते कान का काय ते बदलतात. दहातले सात जण वेळ सांगून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट हा पिवळा फॉर्म. नातेवाईक जागचे हलत नाहीत. बाहेर थांबा म्हटलं की पडद्याला कान लावतात. पण हातात कागद दिला आणि "हे अगदी महत्त्वाचं आहे, नीट भरा" म्हटलं, की तीच माणसं शहाण्यासारखी जाऊन खुर्चीत बसतात. दहा मिनिटं थोरलीला पेशंट एकटा मिळतो. प्रश्न आम्हीच रचले. घरात जिने किती, पेशंट उशा किती घेतो, रोज किती वाजता उठतो, सवयी काय काय आहेत. एकविसावा प्रश्न माझा, "पेशंट चिडका आहे का? सविस्तर लिहा." बायका त्यावर मागची बाजूही भरून काढतात. फॉर्म आला की मी "बरं" म्हणते, टेबलाखालच्या टोपलीत टाकते, आणि दिवस संपला की कागदाचे तुकडे करणाऱ्या मशीनमध्ये सगळे एकदम सारते. एवढ्या वर्षांत एकही वाचला नाही. का वाचावा? तो वाचायसाठी नव्हताच.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला एक आई आपल्या मुलाला दंडाला धरून घेऊन आली. मुलगा कसला, एकतीस वर्षांचा बाप्या, इमारतींच्या कामावर उंच क्रेन चालवणारा. आई कपडे दुरुस्त करून देणारी, मधल्या बोटावर सुई टोचू नये म्हणून घालायची धातूची टोपी तशीच राहिलेली. नऊपासून छातीत दुखतंय, असं तिनं सांगितलं. "गॅस आहे," असं त्यानं सांगितलं. थोरलीनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि आईच्या हातात पिवळा फॉर्म ठेवला.

आत काय झालं ते थोरलीनं मला नंतर सांगितलं. चकत्या चिकटवताना तिनं विचारलं, किती वाजता घेतलंस. तो छताकडे बघत म्हणाला, "मी काही घेत नाही. आमच्याकडे तपासणी असते. घेतलं तर क्रेनवरून काढतात." लघवीची तपासणी करू या का, तर म्हणे आत्ताच जाऊन आलो. तोंडाला कुलूप. थोरलीला पक्कं कळलं की हा थापा मारतोय, पण कळणं वेगळं आणि डॉक्टरपुढे मांडणं वेगळं.

डॉक्टर नवा होता. हुशार, नम्र, आणि तक्त्यावर अपार श्रद्धा. आम्ही त्याला त्याच्या पाठीमागे गुणपत्रिका म्हणतो. त्यानं पट्टी बघितली. एक रेघ किंचित वर उचललेली होती, पण सडपातळ जवान माणसात ती तशी असू शकते, हे खरंच आहे. रक्त स्वच्छ. वय शून्य. बेरीज दोन.

"तीन तास ठेवू या," थोरली म्हणाली. "पट्टी आणि रक्त पुन्हा बघू."

"ताई, कशाच्या आधारावर? तो स्वतःच जायचं म्हणतोय. दोनची ड्युटी आहे त्याची."

"माझ्या आधारावर."

"तुमचा आधार तक्त्यात कुठे लिहू?" त्यानं हे हसत विचारलं, उर्मटपणे नाही. तेवढ्यात बॉयलरच्या वाफेनं भाजलेला एक माणूस आला आणि थोरलीला तिकडे पळावं लागलं. गुणपत्रिकेनं सोडायच्या कागदावर सही केली.

इकडे ती आई फॉर्म भरून माझ्या खिडकीशी आली. चार घड्या घातलेला. तिच्या मागोमाग मुलगा आला, बाह्यांची बटणं लावत. माझी त्या दिवशी सकाळपासून सटकलेली होती, प्रिंटर बंद, फोन चालू. तिनं कागद पुढे सरकवला आणि हळूच म्हणाली, "वाचा."

मी घडी उघडली, कागदावरून नजर फिरवल्यासारखं केलं आणि म्हटलं, "वाचलं. ठेवते हं." आणि टोपलीत टाकला.

बाई माझ्याकडे बघत राहिली. मग खिडकीसमोरच्या खुर्चीत बसली.

"आई, चल," मुलगा म्हणाला.

"गुडघे धरलेत. जरा दम खाऊ दे."

पाच मिनिटांनी तिला पाणी हवं झालं. मी दिलं. मग सोडायच्या कागदावर शिक्का नाही, असं तिच्या लक्षात आलं. शिक्का लागत नाही, म्हटलं, तरी मारून दिला. मग पिशवी सापडेना. पिशवी तिच्याच पायाशी होती. मग पुन्हा पाणी. मुलगा येरझाऱ्या घालत होता, छाती चोळत, घड्याळ बघत. "तू बस इथे, मी जातो," म्हणून तो दारापर्यंत गेला, तर हिनं हाक मारली, "मला एकटीला जिना उतरवणार नाही रे." तो परत आला. पंचवीस मिनिटं हे चाललं. खिडकीपुढे रांग, माझं डोकं तापलेलं. शेवटी मी आतला फोन उचलला आणि थोरलीला म्हटलं, "तुझी ती क्रेनवाल्याची आई इथे ठाण मांडून बसलीये. उठव तिला, नाहीतर मी उठवते."

थोरली आली, हातात भाजल्यावरचं मलम लागलेलं. ती बाईसमोर उभी राहिली. मुलगा चार हातांवर होता. बाईनं थोरलीकडे बघितलं, मग माझ्या टेबलाखाली बघितलं, आणि मान खाली घातली.

"फॉर्म कुठाय?" थोरलीनं मला विचारलं.

"कुठे असणार? टोपलीत."

"काढ."

मी काढला. शिलाईच्या कापडावर खुणा करतात तसली बारीक, ठाम अक्षरं. जिने किती, उत्तर नाही. उशा किती, उत्तर नाही. पूर्ण फॉर्म कोरा, फक्त सवयींच्या रकान्यात तीन ओळी. 'पांढरी पावडर. नाकातून. दोन महिने झाले. आज सकाळी सव्वासहाला, तो उठल्यावर, मी दाराच्या फटीतून बघितलं. त्याला माहीत नाही की मला माहीत आहे.'

थोरलीचा चेहरा हललासुद्धा नाही. तिनं कागद खिशात घातला आणि मुलाकडे वळून अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "अरे, पट्टी नीट छापली गेली नाहीये. पाच मिनिटं आत ये, पुन्हा काढते, मग जा." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून घेऊन गेली. तो कुरकुरत गेला, पण गेला.

पुन्हा चकत्या. पुन्हा मान खाली. आईचं नाव तिनं काढलं नाही, फॉर्मचंही नाही. ती म्हणाली, "हे बघ, मी तुझ्या कंपनीची माणूस नाही. तुझं कंपनीला काही कळवणं माझं कामही नाही. पण डॉक्टर तुला औषध देणार, आणि चुकीचं दिलं तर तू इथे माझ्या हातांखाली जाशील. मला ते चालणार नाही. एकदा झालंय माझ्या हातून, दुसऱ्यांदा नाही होऊ देणार. किती वाजता?"

पट्टी यंत्रातून बाहेर येत होती. थोरलीनं ती बघितली. त्यानं तिचा चेहरा बघितला.

"सव्वासहाला," तो म्हणाला. आणि मग एवढा दांडगा माणूस रडायला लागला.

मघाशी किंचित उचललेली रेघ आता चांगलीच वर चढली होती. कशी चढते ते मला कळत नाही, पण थोरलीनं गुणपत्रिकेला जी हाक मारली ती मला खिडकीत ऐकू आली. तो आला, पट्टी बघितली आणि पांढरा पडला. हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं, की पांढरा पडला तरी गडबडला नाही. ठोके कमी करायचं ते औषध नर्सच्या हातात तयार होतं, ते त्यानं बाजूला ठेवायला लावलं. आधी शांत करणारं, नळ्या सैल करणारं, रक्त पातळ ठेवणारं, एकेक सांगत गेला, थोरली देत गेली. वीस मिनिटांत तो क्रेनवाला वर गेला होता आणि त्याची बंद पडत चाललेली नळी मोठे डॉक्टर उघडत होते. "माझा आधार आता लिहा तक्त्यात," असं ती गुणपत्रिकेला म्हणाली नाही. मी असते तर म्हटलं असतं. ती नुसती म्हणाली, "पुढच्या वेळी तीन तास मागितले तर द्या." तो म्हणाला, "देईन, ताई." आणि त्यानं दिलेत. आता तो स्वतः चकत्या चिकटवतो आणि मान खाली घालून वेळ विचारतो. त्याला अजून नीट जमत नाही, फार गोड आवाज काढतो.

तासाभरानं थोरली माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ही माझी खरडपट्टी काढणार. तिनं खिशातून तो फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसली.

"पेशंटला एकटं गाठायचं म्हणून आपण नातेवाईकांना कागद देत राहिलो," ती म्हणाली. "आणि त्यांनाही कुणीतरी एकटं गाठायला हवं असेल, हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही. मोठी आली कानांवरून ओळखणारी."

"तू कशाला स्वतःला बोलतेस? फेकला मी. आणि वर वाचलं म्हणून सांगितलं."

"मग जा आणि तिला सांग."

मला नको होतं जायला. साठीला टेकलेली बाई मी, कुणाची माफी मागायची वेळ आली की माझी मान आखडते. पण थोरली उठेना, माझ्या खुर्चीत माझ्याऐवजी बसली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला "बोला" म्हणाली. मग काय, गेले.

आई वरच्या मजल्यावर बंद दारासमोरच्या बाकावर बसली होती. दार उघडून नुकताच कुणीतरी सांगून गेला होता की नळी उघडली, धोका टळला, अर्ध्या तासात भेटता येईल. ती बोटावरची शिवणाची टोपी काढत होती, घालत होती. मी शेजारी बसले.

"एक सांगायचं होतं," मी म्हटलं. "मघाशी मी तुमचा कागद वाचला नव्हता. वाचला म्हणून खोटं सांगितलं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तसलं वाचल्यावर माणसाचा चेहरा असा राहत नाही."

मी विचारलं, "म्हणजे ते गुडघे, पाणी, ती पिशवी..."

"तुम्ही वाचेपर्यंत त्याला दाराबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. आणखी काही मागायला सुचलं नसतं, तर तिथे मुद्दाम पडले असते."

मला राग आला. माझाच आला होता, पण सवयीप्रमाणे निघाला तिच्यावर. "अहो, मग सरळ बोलायचं ना," मी म्हटलं. "पंचवीस मिनिटं. काहीही झालं असतं त्याचं. दोन शब्द तर बोलायचे होते."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली नव्हती.

"दोन महिने रोज सकाळी त्या दाराबाहेर उभी राहतेय मी," ती म्हणाली. "बोलता आलं असतं, तर तुमच्या खिडकीपर्यंत यायची वेळ आली असती का?"